वर घातलेला दगड

त्या दुकानदाराने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत आणि दुसऱ्या पक्षात बायको आणि मुलगी दोघी आहेत. त्यांचं म्हणणं तुम्हाला पुढे कळेलच. पण लिहितोय मी, तेव्हा माझी बाजू पहिली.

माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. दुबईत कुठली ना कुठली कंपनी सतत बंद होत असते आणि त्याच टॉवरमध्ये दोन मजले वर दुसरी उघडत असते. बंद करणाऱ्याला खुर्च्या कधी एकदा जातील असं झालेलं असतं, उघडणाऱ्याला त्या कालच हव्या असतात, आणि या दोघांच्या मध्ये मी उभा असतो. एक सुटकेस घेऊन आलो तेव्हा शारजात एका खोलीत आठजण बेडस्पेसवर, म्हणजे पलंगापुरतं भाडं भरून, राहायचो. आज गोडाऊन आहे, दोन पिकअप आहेत, रोल्लाजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. हे सगळं घासाघीस करून उभं केलंय. समोरच्याने सांगितलेली किंमत तशीच दिली, तर त्या दिवशी मला जेवण पचत नाही.

आणि सौदा झाला की मला वर काहीतरी लागतं. सांगलीच्या मंडईत भाजी घेतली की भाजीवाली न मागता चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकायची. आई ती कोथिंबीर घरी येऊन निवडायची तेव्हा विकतच्या जुडीपेक्षा जास्त खूश असायची. मी तेच शिकलो. फरक इतकाच की मी कोथिंबीर म्हणून कधी फाईल कॅबिनेट मागतो, कधी व्हाइटबोर्ड.

मासे आमच्या घरी आले ते असेच. जुमेरा लेक टॉवर्समधली एक कंपनी गुंडाळत होती. चाळीस खुर्च्या आणि कॉन्फरन्स टेबलाचा सौदा झाला, हात मिळवले, आणि मी विचारलं, वर काय? तिथला मॅनेजर गोरा होता. त्याला ही पद्धतच माहीत नव्हती. मी रिसेप्शनवरच्या काचेच्या टाकीकडे बोट केलं. खाऱ्या पाण्याची छोटी टाकी, आत थोडे दगड आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तो म्हणाला, न्या, दिवा न्या, पंप न्या, खाली ठेवलेली मिठाची पोतीही न्या.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नाही. खाऱ्या पाण्याचं सगळं शास्त्र तिने इंटरनेटवर वाचून काढलं. पाण्यात मीठ किती, दिवा किती तास, पाणी केव्हा बदलायचं, हे ती सांगणार आणि बादल्या मी उचलणार, अशी आमची वाटणी झाली.

बायकोला मात्र हे प्रकरण आवडलं नव्हतं. एक तर हॉलमधली शोकेसची जागा गेली. दुसरं म्हणजे जिवंत गोष्टींच्या बाबतीत ती इथे पोळलेली होती. बाल्कनीत ती दरवर्षी तुळस लावायची आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये ती जळायची. हिरवी जाळी बांधून झाली, कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळून झालं. मोगरा गेला, कढीपत्ता गेला. कोरफड म्हणे कुठेही जगते, तीही गेली. शेवटी बाल्कनीत रिकाम्या कुंड्या आणि कपडे वाळत घालायचा स्टँड एवढंच उरलं. अकाउंट्सची नोकरी करून दमून आलेली बाई रिकाम्या कुंड्यांकडे तोंड करून चहा प्यायची. मी बघायचो, पण त्या बाबतीत ऊन काही माझ्याशी सौदा करणार नव्हतं.

रोल्लाच्या मागच्या गल्लीत माशांचं एक दुकान आहे. मालक केरळचा, माझ्याच वयाचा, खांद्यावर कायम ओला टॉवेल. भावात एक दिरहॅम खाली यायचा नाही, म्हणून माझा त्याच्यावर पहिल्यापासून राग होता आणि थोडा आदरही होता. एका शुक्रवारी मी माशांचं खाणं आणायला गेलो तेव्हा बायको बरोबर होती, कारण पुढे तिला भाजी घ्यायची होती. मी खाण्याच्या डब्यावरून हुज्जत घालत होतो. मागे वळून बघतो तर ती एका टाकीसमोर वाकून उभी.

टाकीत एक प्रवाळ होतं. करड्या बुडख्यातून पाच देठ वर आलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला हिरव्या डोळ्याचं, बारीक जांभळट पाकळ्यांचं फूल, पाण्याबरोबर हलत होतं. दुकानदाराने त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. तिने ऐकलंसुद्धा नाही.

"शेवंती आहे ही," ती म्हणाली.

मी सांगितलं, अगं, झाड नाही ते, प्राणी आहे. ती म्हणाली, असू दे. मग दुकानदाराला विचारलं, हे ऑगस्टमध्ये मरतं का? त्याने सांगितलं, घरात एसी चालू असेल तर ऑगस्ट आणि जानेवारी याला सारखेच.

किंमत एकशे ऐंशी दिरहॅम. म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. शंभरपासून सुरुवात करायची असं ठरवून मी श्वास घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे तो श्वास बायको ओळखते. तो सोडायच्या आत तिने पर्समधून कार्ड काढलं आणि मशीनला लावलं. मशीन वाजलं. खलास.

माझी अवस्था काय झाली असेल ते व्यापारी माणसालाच कळेल. एकशे ऐंशी मागितले आणि एकशे ऐंशी दिले. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यापायी मी हट्टाला पेटलो. म्हटलं, भाई, ऊपर से कुछ तो दो. तो म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, मग मी इथून हलत नाही. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तो आत गेला, कोपऱ्यातल्या एका टबात हात घातला आणि मुठीएवढा दगड काढून पिशवीत टाकला. त्या दगडावर तपकिरी रंगाचं, काचेसारखं आरपार दिसणारं एक इवलंसं फूल होतं.

गाडीत मी बायकोला सांगितलं, बघ, तू पैसे देऊन फुलं आणलीस, मी फुकट फूल आणलं, वर दगड. ती शेवंतीची पिशवी मांडीवर धरून बसली होती. तिने मान हलवली, पण लक्ष पिशवीत.

त्यानंतर आमच्या घरातली सकाळ बदलली. टाकीचा दिवा लागला की शेवंती अर्ध्या तासात उमलायची. बायको चहाचा कप घेऊन बरोबर त्या वेळी समोर येऊन बसायची आणि उमलणं पूर्ण होईपर्यंत उठायची नाही. माहेरी फोन करून आईला व्हिडिओवर दाखवायची. ऑगस्ट आला आणि गेला. बाल्कनीत काही उरलं नव्हतं आणि हॉलमध्ये शेवंती ठणठणीत. बायको मला म्हणाली की या देशात तिच्या हाताला लागलेली ही पहिली गोष्ट जगली. मी सांगितलं, टाकी मीच आणली होती. पण तिच्या आवाजात काही होतं, म्हणून एकदाच सांगितलं.

मग माझ्या फुकट फुलाला पिल्लं झाली.

आधी दोन, मग दगडाच्या प्रत्येक भोकात एक. मला आनंदच झाला. मुलीला बोलावून दाखवलं. ती काचेला नाक लावून बघत राहिली.

"बाबा, दॅट्स अ पेस्ट," ती म्हणाली.

पेस्ट म्हणजे काय, मी विचारलं. तिने मराठी शब्द शोधला आणि तिला एकच सापडला. "लाइक... झुरळ."

तिने सगळं समजावलं. हे समुद्रफूल आहे, पण उपद्रवी जातीचं. त्याच्या पाकळ्यांना विषारी नांग्या असतात. शेजारी प्रवाळ असलं की त्याला डसत राहतं, ते आक्रसतं आणि मरतं. एकदा टाकीत शिरलं की सगळ्या दगडांवर पसरतं. आणि मुख्य म्हणजे त्याला हात लावायचा नाही, तोडायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं वाक्य ती म्हणाली असं ती म्हणते. मी तोपर्यंत स्वयंपाकघरात उलथनं शोधायला गेलो होतो.

कारण मी शेवंतीकडे पाहिलं होतं. तिच्या कडेच्या फुलाला लागूनच एक तपकिरी पाहुणा बसला होता, आणि त्या बाजूच्या पाकळ्या आखूड झाल्या होत्या. बायको चहा पिताना रोज म्हणत होती की हे एक फूल हल्ली नीट उमलत नाही. आता कारण कळलं. आणि ते कारण कुठून आलं हेही तिला कळणार होतं.

मी बाह्या सरसावल्या. तो प्राणी हात जवळ नेला की सुळकन भोकात शिरतो. मी म्हटलं, असं काय. गोडाऊनमधला लांब स्क्रू ड्रायव्हर आणला आणि एकेका भोकात घालून फिरवला. संध्याकाळभर खरवडत होतो. पाण्यात तपकिरी चिंध्या तरंगत होत्या. दगड स्वच्छ झाला. बायकोला बोलावून दाखवलं आणि जेवायला बसलो तेव्हा बऱ्याच दिवसांनी हात दुखेपर्यंत काम केल्याचं समाधान होतं.

महिन्याभरात ते सगळीकडे होते. दगडांवर, काचेवर, पंपाच्या नळीवर. प्रत्येक चिंधीतून एक नवा उगवला होता. मी आमच्या पहिल्या दिवसांत पाहिलंय, फ्लॅट एकाच्या नावावर असतो, मग तो आतेभावाला आणतो, आतेभाऊ गाववाल्याला आणतो, आणि बघता बघता स्वयंपाकघरातही पलंग लागतो. घरात आम्ही त्यांना भाडेकरू म्हणायला लागलो. मुलीला विचारलं, तुकड्यांतून उगवतात हे तू आधी का नाही सांगितलंस.

"आय डिड," ती म्हणाली आणि हेडफोन लावले.

मी दुकानात गेलो. खरं सांगतो, भांडायलाच गेलो. दगड देताना त्याला माहीत होतं, हे मी त्याच्या तोंडावर म्हणालो. माझी समजूत होती की तो नाकारेल. त्याने टॉवेलने हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "हाँ साब, मालूम था. तुम फ्री माँगा, मैं फ्री दिया. अच्छा चीज़ मैं फ्री में कैसे देगा?"

पण फसवणूक ती फसवणूक. भाजीवाली कोथिंबीर वर टाकते ती सडकी टाकत नाही. मी त्याला कोथिंबिरीचं सगळं सांगितलं. दुकानातली इतर गिऱ्हाइकंही ऐकत होती. तो म्हणाला, उद्या कोथिंबीर विकायला लागलो तर ताजी देईन. आणि एक छोटी बाटली काउंटरवर ठेवली. म्हणाला, हे औषध सिरिंजने त्याच्या तोंडात घालायचं, मरतो. नव्वद दिरहॅम.

म्हणजे रोग त्याने दिला आणि औषधही तोच विकणार. मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, मोबाईलवर शोधलं, आणि माझा विश्वास बसेना. चुना होता तो. साधा चुना, दोन हजार रुपयांना. मी बाटली खाली ठेवली आणि विजयी चेहऱ्याने बाहेर पडलो, कारण चुना माझ्या घरात होता.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर येऊन गेल्या होत्या. गुडघ्यांसाठी त्या रोज दह्यातून गव्हाच्या दाण्याएवढा चुना घ्यायच्या, आणि जाताना डबी कपाटात विसरून गेल्या होत्या. मी चुना पाण्यात कालवला, फार्मसीतून सिरिंज आणली आणि काचेवरच्या एका भाडेकरूच्या तोंडावर थेंब सोडला. त्याने तो गिळला, आक्रसला आणि वितळला. मी दुसऱ्यावर सोडला. तोही गेला. मुलगी मागून म्हणाली, बाबा, स्लो, एका दिवसात तीन-चारच. मी म्हटलं, हो हो. ती क्लासला गेली.

इथे माझा स्वभाव आडवा आला असं दुसऱ्या पक्षाचं म्हणणं आहे. मी इतकंच सांगतो की समोर शत्रू दिसतोय, हातात औषध आहे, औषधाने तो मरतोय, अशा वेळी चौथ्यावर थांबणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एक भाडेकरू शेवंतीच्या अगदी बुडाशी होता. तो भोकात शिरला. मी थांबलो. तो बाहेर आला, मी सिरिंज नेली, तो आत गेला. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हटलं, यल्ला, होऊन जाऊ दे, आणि उरलेला सगळा चुना त्या भोकावर रिकामा केला.

टाकीचं ताक झालं. मासे दिसेनात, दगड दिसेनात. मी पंपाचा जोर वाढवला, त्यामुळे ताक आणखी नीट घुसळलं गेलं. नेमकी तेव्हा दाराची किल्ली वाजली. बायको दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीवरून आली होती. तिने चपला काढल्या, पर्स ठेवली आणि टाकीकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या तयारीत होतो. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

"यात माझी शेवंती कुठे आहे?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. तिथे काहीच दिसत नव्हतं.

खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, पाण्याच्या मोठ्या बाटल्या मी स्वतः खांद्यावरून आणल्या. मुलगी आल्यावर तिने मीठ कालवलं, मी जुनं पाणी उपसलं, नवं ओतलं. मासे वाचले. शेवंतीच्या पाच फुलांपैकी तीन पुढच्या आठवड्यात गळून पडली आणि त्यांच्या जागी पांढऱ्या हाडासारखे देठ उरले. दोन फुलं होती, पण घट्ट मिटलेली. भाडेकरू बरेच मेले होते, पण आत खोल लपलेले होतेच. त्यांना चुन्याने फारसं काही झालं नाही. थोड्याच दिवसांत ते ताजेतवाने होऊन पुन्हा शेवंतीच्या दिशेने सरकू लागले.

बायकोने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. जेवण वेळेवर, इस्त्री वेळेवर. फक्त सकाळचा चहा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून प्यायला लागली. टाकीचा दिवा लागायचा तेव्हा ती हॉलमध्ये नसायची. एकदा मी म्हटलं, दोन आहेत अजून. ती म्हणाली, माहीत आहे, तुळशीलाही शेवटी दोन पानं असायची. मग कप विसळला आणि ऑफिसला गेली.

मला शिव्या घातलेल्या चालतात. हे चालेना.

मुलीला एक उपाय पहिल्यापासून माहीत होता. तिने तो सांगितलाही होता आणि मी तिला हसलो होतो. समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायी असतात, बिनशंखाच्या, नखाएवढ्या. त्या दुसरं काही खात नाहीत, फक्त हेच भाडेकरू. आमच्याकडे सोयाबीनमध्ये गोगलगायी शिरल्या की लोक त्या मारायला पैसे खर्च करतात, आणि मी पैसे देऊन गोगलगायी घरी आणायच्या, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आता तिला विचारलं, कुठे मिळतात? तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. शारजात एकाच दुकानात मिळत होत्या.

मी गेलो. दुकानदाराने मला दारातून येताना पाहिलं आणि टॉवेल खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवला, जसा माणूस भांडणाआधी घड्याळ काढून ठेवतो. मी गोगलगायी मागितल्या. एकीचे पन्नास दिरहॅम, त्याने सांगितलं. किती लागतील? सहा तरी. म्हणजे तीनशे, सात हजार रुपये, आणि सगळ्या मिळून चमचाभर नाहीत. तो थांबला. माझ्या श्वासाची वाट बघत होता.

मी तीनशे दिरहॅम काढून काउंटरवर ठेवले.

त्याने नोटांना हात लावला नाही. मग विचारलं, "साब, तबियत ठीक है?"

ठीक आहे म्हटलं. त्याने खुर्ची पुढे केली. बसलो नाही. त्याने चहा विचारला. नको म्हटलं. तो अस्वस्थ झाला. सगळा व्यवहार कुठेतरी चुकतोय असं त्याला वाटत असावं. गोगलगायी पिशवीत भरताना त्याने आपणहून सांगितलं की अडीचशे दे, चालेल. मी म्हटलं, तीनशे सांगितलेस, तीनशे घे. आता तर तो घाबरलाच. इकडेतिकडे बघून म्हणाला, ऊपर से कुछ डालूँ? आणि त्याचा हात मागच्या टबाकडे गेला.

मी त्याचं मनगट धरलं. "भाई, ऊपर कुछ नहीं. मेहरबानी."

आयुष्यात पहिल्यांदा मी वर मिळणारी वस्तू नाकारली. पण ही हार नव्हती, हे लक्षात घ्या. उद्या गोगलगायी मेल्या तर त्याला बोलायला तोंड राहू नये, म्हणून मी पूर्ण किंमत दिली होती. तोही एक डावच असतो.

पंपात त्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा पंपाच्या तोंडाला बांधला, पिशवी पाण्यात सोडली, आणि गोगलगायी नाहीशा झाल्या. एकही दिसेना. आठवडा गेला, दुसरा गेला. भाडेकरू जागच्या जागी. माझी खात्री पटत चालली की मी सात हजार रुपयांचं खारं पाणी विकत आणलंय. मी रोज मुलीला विचारायचो, कुठे आहेत? ती म्हणायची, दे आर शाय. मी म्हणायचो, पैसे घेतलेत, लाजायचं काय कारण? दुकानदाराला काय बोलायचं ती वाक्यं मी गाडी चालवताना हिंदीत जुळवत असे.

मग एकदा मुलीने काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची चकली दाखवली. अगदी दिवाळीची चकली, पण तांदळाएवढी. अंडी होती ती. म्हणजे आत कुणीतरी होतं आणि संसार करत होतं. आणखी काही दिवसांनी काचेवरचे भाडेकरू दिसेनासे झाले. पंपाची नळी मोकळी झाली. कुणी येताना दिसत नव्हतं, जाताना दिसत नव्हतं, फक्त खोल्या रिकाम्या होत होत्या. मी खवळून जे काही केलं त्यात एवढ्या शांतपणे कामं झालेली मला आठवत नाहीत, पण ते जाऊ द्या.

एके सकाळी मी दाढी करत होतो. हॉलमधून बायकोचा आवाज आला.

"अहो, इकडे या जरा."

साबण तसाच लावलेला, मी गेलो. ती टाकीसमोर बसली होती, चहाचा कप हातात. दोन्ही फुलं उघडली होती. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. एका मेलेल्या पांढऱ्या देठाच्या बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. तिने तो मला दोनदा दाखवला. मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण मी हो म्हटलं. ती म्हणाली, फुटवा आहे. आणि मग, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा, तुमचा चहा गार होतोय.

आता भाडेकरू जवळजवळ संपले आणि नवाच प्रश्न निघाला. गोगलगायी दुसरं काही खात नाहीत. म्हणजे त्या उपाशी मरणार. मी म्हटलं, काम झालं, विषय संपला. बायको माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कामगाराचा पगार बुडवतोय. मुलीने सांगितलं की लोक अशा वेळी त्या दुकानाला परत विकतात. हे मला पटलं. एव्हाना सहाच्या पुष्कळ झाल्या होत्या आणि सगळ्या एकाच दगडावर जमल्या होत्या, जिथे खोल भोकांत शेवटचे भाडेकरू उरले होते. दगड कुठला हे सांगायला नकोच.

तो दगड, भाडेकरू आणि गोगलगायींसकट, डब्यात घालून मी दुकानात गेलो. या वेळी मी माझा होतो. तासभर घासाघीस केली. मी जे दिले होते त्याच्या दुपटीपेक्षा थोडे कमी, एवढे त्याने माझ्या नावावर दुकानात जमा करून घ्यायचं कबूल केलं. रोख नाही, माल घ्यायचा. त्यालाही बरं वाटलेलं दिसलं, मागच्या वेळेपासून त्याला माझी काळजीच लागली होती. हात मिळवले आणि तो सहज म्हणाला, "ऊपर कुछ, साब?"

याच वाक्याची मी वाट बघत होतो. डब्यातला दगड दाखवून म्हटलं, हा घे, फ्री, तुझाच आहे. त्याने दगड ओळखला. दोघंही हसलो. इतक्या महिन्यांचा हिशेब फिटला असं मला वाटलं आणि मी हलक्या अंगाने घरी आलो.

पुढच्या आठवड्यात माशांचं खाणं आणायला गेलो. बायको बरोबर होती. काउंटरशेजारी एक छोटी काचेची टाकी, तिच्यात माझा दगड, आणि बाहेर पाटी: सहा गोगलगायी, खाद्यासकट, चारशे दिरहॅम. नुसत्या गोगलगायींचे तीनशे. म्हणजे जो दगड त्याने मला फुकट खपवला, जो मी त्याला फुकट परत केला, त्याचे तो आता शंभर दिरहॅम लावत होता. मी श्वास घेतला. बायकोने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला, भाजी घ्यायचीय."

म्हणून मी म्हणतो की त्याने मला फसवलं, आणि एकदा नाही, दोनदा.

गेल्या महिन्यात मी गोडाऊनमधून आलो तर टाकीत शेवंतीच्या शेजारी दुसरं प्रवाळ होतं, केशरी रंगाचं, झेंडूसारखं. शेवंतीला आता चार फुलं आहेत. बायको एकटीच जाऊन आली होती, दुकानात माझ्या नावावर जमा होतं त्यातून. मी विचारलं, केवढ्याला? तिने आकडा सांगितला. मी विचारलं, त्याने सांगितला तोच? ती म्हणाली, तोच.

"आणि वर?"

"विचारत होता बिचारा, वर काय घालू म्हणून," ती टाकीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं, काही घालू नका, आमच्या घरी मालक आहेत तेवढे पुरे."

मुलगी हसली. तिला मराठी कळत नाही असं कोण म्हणतं. मी उठलो. भिंग आणलं, आणि झेंडूचं बूड चारही बाजूंनी तपासलं. तपकिरी काही नव्हतं. एकशे वीसला सहज दिलं असतं त्याने, पण बायकोने चहा पुढे केला होता, तो मी घेतला.